मोठी झूम लेन्स घ्यायच्या आधी तुमचे फसलेले फोटो उघडा

कॅमेऱ्याच्या किटमधली ७०-३०० नाहीतर ५५-२५० लेन्स (हे आकडे म्हणजे एमएममधली फोकल लेन्थ, आकडा जितका मोठा तितकी लांबची वस्तू मोठी दिसते) घेऊन वर्षभर पक्षी-प्राण्यांच्या मागे हिंडलं की मोठी लेन्स घ्यावी का हा प्रश्न येतोच. शेजारी कोणीतरी १५०-६०० लावून बसलेलं असतं, त्याच्या स्क्रीनवर पक्षी फ्रेमभर दिसतो, आपल्या स्क्रीनवर तोच पक्षी ठिपक्याएवढा, आणि घरी पोचेपर्यंत आपण मनातल्या मनात लेन्स घेऊन टाकलेली असते. मीही तसाच निघालो होतो. मग एका रविवारी वर्षभरातले न जमलेले फोटो एका फोल्डरमध्ये टाकले आणि एकेक बघत बसलो, तर निम्म्याहून जास्त फोटोंचा लेन्स छोटी असण्याशी काही संबंधच नव्हता. कुठे शटर स्पीड (सेकंदाच्या किती लहान भागात फोटो टिपला जातो तो वेग) कमी पडला होता, कुठे फोकस मागच्या फांदीवर गेला होता, काही तर भर दुपारी लांबवर काढलेले होते. लेन्स मी घेतली शेवटी, पण सात-आठ महिन्यांनी, आणि आधी ठरवलेली नाही, वेगळीच घेतली, कारण तोवर नक्की काय कमी पडतंय ते कळलं होतं.

खाली त्याच क्रमाने सांगतोय. नवीन असाल तर पहिल्या दोन पायऱ्या अजिबात गाळू नका, बाकीचं सगळं त्यावर उभं आहे.

पायरी १: फसलेला फोटो का फसला ते ओळखा

गेल्या काही महिन्यांतले ५०-१०० फोटो घ्या, जे बघून तुम्हाला "अरे, हा चांगला यायला हवा होता" असं वाटतं असे. प्रत्येक १०० टक्के मोठा करून बघा. "सॉफ्ट आलाय" एवढं म्हणून सोडायचं नाही, सॉफ्ट येण्याची चार-पाच वेगवेगळी कारणं असतात आणि प्रत्येकाची खूण वेगळी असते.

पक्षी अस्पष्ट आहे पण त्याच्या पुढचं गवत किंवा मागची फांदी अगदी कापल्यासारखी शार्प आहे, तर फोकस चुकलाय. लेन्स शार्प आहे हे त्या फांदीनेच सिद्ध केलं. फ्रेममधलं सगळंच एका दिशेने ओढल्यासारखं, दुहेरी कडा असलेलं दिसतंय, तर हात हललाय. फांदी, पान सगळं स्वच्छ आहे, फक्त पंख किंवा मान फरफटलेली आहे, तर प्राणी हलला आणि शटर स्पीड त्याला पुरला नाही. इथे बरेच नवे लोक फसतात, त्यांना वाटतं स्टॅबिलायझेशनवाली लेन्स घेतली की हे जाईल, पण स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताचं हलणं सांभाळतं, पक्ष्याचं नाही. उडत्या पक्ष्याला साधारण १/२००० ते १/३२०० सेकंद लागतोच, लेन्स कितीही भारी असली तरी.

चौथा प्रकार जास्त फसवा आहे. फ्रेममध्ये कुठेच काही शार्प नाही, ओढल्याची खूणही नाही, नुसता सगळा पिठूळ दिसतो. हे बहुतेक वेळा हवेमुळे होतं. ऊन चढलं की जमीन तापते, तिच्यावरची गरम हवा वर चढते आणि गरम-गार हवेचे थर प्रकाश वेडावाकडा वळवतात, डांबरी रस्त्यावर दुपारी लहरी दिसतात ना तेच. लांबची वस्तू, मोठी लेन्स आणि मधे तापलेली जमीन किंवा पाणी असेल तर जगातली कुठलीच लेन्स काही करू शकत नाही, उलट जास्त लांबून काढण्याच्या मोहामुळे मोठ्या लेन्सवाल्याला हा त्रास जास्त होतो. ओळखायचं कसं? एकाच स्थिर वस्तूच्या दहा फ्रेम सलग काढा. प्रत्येक फ्रेममध्ये कडा थोड्या वेगळ्या वाकलेल्या असतील, एखादी बरी एखादी खराब, तर दोष हवेचा. तीच वस्तू सूर्योदयानंतर लगेच काढून बघा. गाडीतून काढत असाल तर हीटर किंवा एसी चालू ठेवून खिडकी उघडली तरी हाच प्रकार होतो, खिडकीतच हवेची घुसळण चालू असते.

शेवटचा प्रकार म्हणजे फोटो शार्प आहे, फोकस बरोबर आहे, पण प्राणी इतका छोटा आहे की क्रॉप केल्यावर (कडा कापून मोठा केल्यावर) पिसांचा तपशीलच उरत नाही. किंवा सगळं जमलंय पण आयएसओ (कमी उजेडात फोटो उजळ करणारी सेटिंग) १२८०० वर गेल्यामुळे नॉइजने, म्हणजे दाणेदारपणाने, वाट लागलीय. हे दोनच प्रकार असे आहेत जिथे लेन्सचा प्रश्न खरा आहे, पहिल्यात पोच (लांबचं मोठं दाखवण्याची ताकद) कमी पडतेय, दुसऱ्यात उजेड.

प्रत्येक फोटोला एक शब्द द्या: फोकस, हात, हालचाल, हवा, पोच, उजेड. मग मोजा. पोच आणि उजेड मिळून पाव हिस्साही भरत नसतील तर मी म्हणेन आत्ता थांबा, पायरी चारवर जा आणि तीन महिने तेच करा.

पायरी २: कुठल्या फोकल लेन्थला काढता ते बघा

लाइटरूम (फोटो संपादनाचं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर लायब्ररीतल्या मेटाडेटा फिल्टरमध्ये फोकल लेन्थ निवडली की कुठल्या आकड्याला किती फोटो ते समोर येतं. नसेल तर फोटोतली अशी माहिती वाचणारं एक्झिफटूल फुकट आहे, तेही नको असेल तर कॉम्प्युटरवर फोटोच्या प्रॉपर्टीजमध्ये बघून वहीत रेघा मारा, १०० फोटोंना अर्धा तास लागतो. ७०-३०० असून जवळजवळ सगळे फोटो ३०० ला अडकलेले असतील आणि शिवाय तुम्ही ते क्रॉपही करत असाल तर पोच कमी पडतेय यात शंका नाही. पण बरेच फोटो १५० ते २५० च्या मधे असतील, तर ६०० घेऊन काय करणार?

आता पोच वाढली म्हणजे नक्की काय मिळतं ते एकदा समजून घ्या, कारण ३०० वरून ४०० गेल्यावर फार मोठा फरक पडेल असं वाटतं आणि मग हिरमोड होतो. ३०० ते ४०० मध्ये प्राणी फ्रेममध्ये १.३३ पट लांब दिसतो, म्हणजे त्याच्यावर पडणारे पिक्सेल साधारण १.८ पट. ४०० ते ६०० मध्ये पिक्सेल सव्वादोन पट. ३०० ते ६०० सरळ चौपट. ५०० ते ६०० मात्र जेमतेम १.४४ पट, त्यामुळे २००-५०० असलेल्याने फक्त पोच हवी म्हणून १५०-६०० घ्यावी असं मला अजिबात वाटत नाही.

एक उदाहरण धरा. छोटा खंड्या चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण १६ सेंटीमीटर. २४ मेगापिक्सेलचा क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा छोटा सेन्सर) असलेला कॅमेरा, ३०० एमएम, पक्षी २० मीटरवर. सेन्सरवर त्याची लांबी पडते २.४ मिलिमीटर, म्हणजे सुमारे ६०० पिक्सेल. फ्रेम ६००० पिक्सेल रुंद, त्यात पक्षी एक दशांश. फोनच्या स्क्रीनवर चालून जाईल, प्रिंट काढायला नाही. आता ६०० एमएम लावा, १२०० पिक्सेल. आणि ३०० च ठेवून पक्ष्यापासूनचं अंतर १० मीटर केलं तर? तेच १२०० पिक्सेल. अंतर निम्मं करणं आणि फोकल लेन्थ दुप्पट करणं याचं फळ आकाराच्या बाबतीत सारखंच, वर जवळून काढलं की मधली हवा कमी, म्हणजे फोटो जास्त स्वच्छ. हे मी पुन्हा पुन्हा सगळ्यांना सांगतो.

आणि फोटोचं करता काय तेही प्रामाणिकपणे बघा. ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) ए४ प्रिंट काढायला साधारण ३५०० बाय २४८० पिक्सेल, म्हणजे पावणेनऊ मेगापिक्सेल लागतात. २४ मेगापिक्सेलचा फोटो दोन्ही बाजूंनी निम्मा क्रॉप केला तरी ६ मेगापिक्सेल उरतात. फक्त मोबाईलवर दाखवायचे असतील तर हा क्रॉप भरपूर झाला.

पायरी ३: आहे त्या लेन्सची नीट परीक्षा घ्या

ट्रायपॉड, सकाळची वेळ, १०-१५ मीटरवर बारीक अक्षरांचा एखादा खोका किंवा वर्तमानपत्र भिंतीला चिकटवलेलं. दोन सेकंदांचा टायमर, स्टॅबिलायझेशन बंद. झूमच्या शेवटच्या टोकाला आधी ऑटोफोकसने पाच फोटो, प्रत्येक वेळी फोकस मुद्दाम हलवून परत लॉक करायचा. मग लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर) दहा पट मोठं करून हाताने फोकस करून पाच. हाताने केलेले शार्प आणि ऑटोफोकसचे सगळे सारखेच सॉफ्ट येत असतील तर लेन्सची काच चांगली आहे, बॉडी (कॅमेरा) आणि लेन्सचा ताळमेळ चुकलाय. डीएसएलआरमध्ये (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यात) हे बऱ्यापैकी होतं, मधल्या आणि वरच्या मॉडेलमध्ये एएफ फाइन ट्यून किंवा मायक्रोॲडजस्टमेंट असतं त्यात सुधारता येतं. मिररलेसमध्ये (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात) फोकस थेट सेन्सरवरच मोजला जातो म्हणून हा प्रश्न सहसा येत नाही.

मग अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं छिद्र, एफ/ चा आकडा जितका लहान तितकं ते मोठं) बदलून बघा. स्वस्त ७०-३०० शेवटच्या टोकाला पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर मऊ असते आणि एफ/८ ला एकदम सुधारते, काही तर २५० ला ३०० पेक्षा इतक्या शार्प असतात की २५० ला काढून क्रॉप केलेला फोटो जास्त चांगला दिसतो. तुमच्या लेन्सचं असं काही निघालं तर लिहून ठेवा.

अजून एक, समोर स्वस्तातला यूव्ही फिल्टर असेल तर तो काढून हीच परीक्षा परत घ्या. माझ्या ओळखीच्या एकाची "सॉफ्ट" लेन्स फिल्टर काढल्यावर ठणठणीत निघाली, दोन वर्षं बिचारा लेन्सला दोष देत होता.

पायरी ४: आहे त्यातच काय सुधारतं

शटर स्पीड. ३०० एमएम क्रॉप सेन्सरवर असेल तर स्थिर बसलेल्या पक्ष्यालासुद्धा मी १/५०० च्या खाली फारसा जात नाही, आयएसओ ऑटोवर ठेवतो आणि वाढू देतो. थोडं नॉइज काढता येतं, हललेला फोटो परत येत नाही. नॉइज काढायची सॉफ्टवेअर आता फार पुढे गेलीत, लाइटरूममध्ये २०२३ मध्ये एआय डिनॉइज आलं, डीएक्सओचं आहे, टोपाझचं आहे, रॉ मध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढत असाल तर एक स्टॉप (म्हणजे दुप्पट उजेड) तरी सहज परत मिळवून देतात. म्हणजे एफ/५.६ ऐवजी एफ/४ ची लेन्स घेऊन जो फायदा मिळाला असता जवळपास तेवढा. मागची पार्श्वभूमी तेवढी विरघळत नाही हा फरक राहतो.

आणि बसणं. एका जागी, खाली, शांत. पाणवठ्याजवळ, फळ धरलेल्या झाडाजवळ, पक्षी रोज ज्या काठीवर येऊन बसतो तिच्यापासून योग्य अंतरावर दीड-दोन तास न हलता बसलात तर प्राणी स्वतः जवळ येतात. चालत त्याच्याकडे गेलात तर प्रत्येक पावलाला तो उडायच्या तयारीत. गाडी असेल तर गाडीतच बसा, कित्येक प्राणी-पक्षी गाडीला माणसाइतके घाबरत नाहीत, खिडकीवर बीनबॅग (लेन्स टेकवायची दाणे भरलेली पिशवी) टाकली की झालं. जमिनीला टेकून डोळ्यांच्या पातळीवर काढलेला ३०० चा फोटो उभं राहून वरून काढलेल्या ६०० च्या फोटोपेक्षा मला नेहमी सरस वाटलाय.

मात्र जवळ जाणं याचा अर्थ घरट्याजवळ जाणं नव्हे. पक्षी सारखा ओरडतोय, चारा चोचीत धरून घरट्यात न जाता इकडून तिकडे उडतोय, हरणं चरायची थांबून मान वर करून तुमच्याकडेच बघतायत, तर तुम्ही खूप जवळ आहात, मागे या. मोठी लेन्स घ्यायचं मला पटलेलं सगळ्यात चांगलं कारण खरं तर हेच आहे, की लांब राहून, त्यांना त्रास न देता काढता येतं.

पायरी ५: काय कमी पडतंय त्यावरून काय घ्यायचं

इथवर येऊनही पोचच कमी पडतेय असं निघालं तर अपग्रेड करा, मनात किंतु ठेवू नका. २०१३ च्या शेवटी टॅमरॉनने पहिली १५०-६०० जाहीर केली, पुढच्याच वर्षी सिग्माच्या दोन आल्या, २०१५ मध्ये निकॉनची २००-५०० एफ/५.६ आली, आणि ६०० एमएमपर्यंतची पोच सामान्य हौशी माणसाच्या आवाक्यात आली ती साधारण तिथून. मिररलेसमध्ये सोनीची २००-६००, कॅननची आरएफ १००-५०० आणि २००-८००, निकॉनची झेड १८०-६००. ३०० वरून यातल्या कुठल्याही लेन्सवर गेलात तर फरक पहिल्याच दिवशी दिसेल.

३०० वरून १००-४०० वर जायचं का, हा वेगळा विचार. पोच थोडीच वाढते पण फोकसचा वेग, काचेचा दर्जा आणि जवळून फोकस करणं यात मोठा फरक असतो. कॅननची १००-४०० ची २०१४ ची दुसरी आवृत्ती एक मीटरच्या आत फोकस करते, सिग्माच्या १५०-६०० कंटेम्पररीला २.८ मीटर लागतात. फुलपाखरं, चतुर, सरडे हेही काढत असाल तर हा आकडा आधी बघा.

टेलिकन्व्हर्टर (बॉडी आणि लेन्सच्या मधे बसणारी, फोकल लेन्थ वाढवणारी जोडकाच) लावून काम भागेल असं खूप जणांना वाटतं. १.४ पटीचा एक स्टॉप उजेड खातो, २ पटीचा दोन. एफ/६.३ च्या झूमला १.४ लावला की एफ/९ झाला, बहुतेक डीएसएलआरचा ऑटोफोकस तिथे हात टेकतो, मिररलेसमध्ये चालतो पण कमी उजेडात चाचपडतो. किट झूमना तर बऱ्याचदा कंपनीचा स्वतःचा कन्व्हर्टर बसतच नाही. ७०-२०० एफ/२.८ किंवा ३०० एफ/४ सारखी चांगली लेन्स आधीच असेल तर मात्र जरूर विचार करा, ७०-२०० ला २ पटीचा लावला तर १४०-४०० एफ/५.६ हातात येते.

उजेड कमी पडतोय, म्हणजे पहाटे, संध्याकाळी, दाट झाडीत काढता, तर एफ/५.६ च्या झूमवरून एफ/६.३ च्या झूमवर जाण्यात काहीच हशील नाही, उलट एक तृतीयांश स्टॉप जाईल. एफ/४ किंवा एफ/२.८ लागेल आणि त्याचं वजन सोसायची तयारी हवी. का ते साध्या भागाकारात आहे: ६०० ला ६.३ ने भागा, ९५ मिलिमीटर, म्हणून अशा बहुतेक लेन्सना ९५ एमएमचा फिल्टर लागतो. ६०० ला ४ ने भागा, १५० मिलिमीटर. एवढी रुंद काच हलकी असूच शकत नाही.

फोकस हेच सगळ्यात मोठं कारण निघालं आणि बॉडी खूप जुनी असेल तर आधी बॉडी बदलणं शहाणपणाचं ठरू शकतं. २०२० मध्ये आलेल्या कॅनन आर५, आर६ सारख्या बॉडी प्राण्याचा, पक्ष्याचा डोळा ओळखून धरून ठेवतात, कॅननची जुनी ईएफ (डीएसएलआरची) लेन्स अ‍ॅडॅप्टरवर लावून सुद्धा.

पायरी ६: तुमचा हात आणि तुमची बॉडी

वजनाबद्दल कागदावर वाचून काही कळत नाही. सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी १.९३ किलो, तिचीच स्पोर्ट्स २.८६ किलो. कॉलर (ट्रायपॉडला जोडायची कडी) काढून कॅननची आरएफ १००-५०० १.३७ किलो. दुकानात दोन मिनिटं धरून तिन्ही छान वाटतात, तिसऱ्या तासाला मात्र हलकी गळ्यात असते आणि जड बॅगेत, आणि बॅगेतल्या लेन्सने फोटो येत नाहीत. दोन लिटर पाण्याची बाटली डोळ्यासमोर धरून एक मिनिट पक्ष्याचा पाठलाग करतोय असं फिरवून बघा, मग ठरवा मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) लागेल का, गिंबल (जड लेन्स सहज फिरवता येणारं ट्रायपॉडचं डोकं) लागेल का, आणि त्याचं वजनही बेरजेत धरा. झूम करताना पुढची नळी बाहेर येते का आत राहते तेही बघा, आत राहणाऱ्या लेन्सचा तोल बदलत नाही, पण बॅग लांब लागते.

बॉडीशी जमतं का हे विकत घ्यायच्या आधी तपासा, नंतर नाही. निकॉनच्या २००-५०० मध्ये अ‍ॅपर्चर विजेवर चालतं, डी९० सारख्या जुन्या बॉडीवर ते नीट चालत नाही. येत्या वर्ष-दोन वर्षांत मिररलेसवर जायचं मनात असेल तर आजची लेन्स तिथे अ‍ॅडॅप्टरवर चालेल का ते आत्ताच बघून ठेवा.

पायरी ७: भाड्याने आणा, मग विकत घ्या

दोन-तीन दिवस भाड्याने किंवा मित्राकडून, आणि नेहमीच्याच जागी, नेहमीच्याच पक्ष्यांवर. नव्या ठिकाणी गेलात तर जागा चांगली होती का लेन्स, ते कळणार नाही. परत आल्यावर पायरी एकचं फोल्डर पुन्हा करा आणि दोन्ही शेजारी ठेवा.

सेकंडहँड घेत असाल तर मागून टॉर्च मारून आत बघा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा म्हणजे बुरशी, सोडून द्या. थोडी धूळ चालते. खाली तोंड करून धरा, नळी आपोआप घसरते का. स्टॅबिलायझेशन चालू करून व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र स्थिरावतं का. लांबची इमारत फ्रेमच्या चारही कोपऱ्यांत येईल अशी पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर काढा, एकच कोपरा बाकीच्यांपेक्षा स्पष्ट मऊ असेल तर आतली काच सरकलेली असण्याची शक्यता, बहुधा कधीतरी पडलीय. हे सगळं लांब टोकाला करायचं, जवळच्या टोकाला सगळ्याच लेन्स चांगल्या दिसतात. विकणारा घाई करत असेल तर निघून या.

आणि नवी आली म्हणून जुनी लगेच विकू नका, दोन-तीन महिने ठेवा. २०० पासून सुरू होणारी लेन्स क्रॉप सेन्सरवर ३०० सारखी दिसते, मोठा प्राणी अचानक जवळ आला की त्याचे कान आणि पाय फ्रेमबाहेर जातात, तेव्हा ती ७०-३०० बॅगेत असलेली बरी असते.